चार राजे आणि आजचा युरोप : जे ठरवून केलं ते फसलं, जे अडवाअडवीत झालं ते टिकलं

दिवेलागण (धागाकर्ता)

१५०९ ते १५२० या अकरा वर्षांत युरोपातल्या चार मोठ्या गाद्यांवर चार तरुण बसले. इंग्लंडात आठवा हेन्री, वय १७. फ्रान्समध्ये पहिला फ्रान्सिस, वय २०. स्पेनमध्ये चार्ल्स, वय १६. हाच १५१९ मध्ये पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट झाला आणि पाचवा चार्ल्स म्हणून ओळखला जाऊ लागला. आणि इस्तंबूलला सुलेमान, वय २५. आपल्याला यातला हेन्री माहीत असतो तो सहा बायकांमुळे आणि सुलेमान माहीत असतो तो मालिकेमुळे. बाकीचे दोघं तर कानावरूनही जात नाहीत. म्हणून हा धागा.

मला एकच गोष्ट मांडायची आहे. या राजांनी गाजावाजा करून जे करायला घेतलं ते बहुतेक फसलं. फ्रान्सिसला मिलान हवं होतं. १५१५ मध्ये मिळालं आणि काही वर्षांत गेलं, मग जन्मभर तो त्याच्या मागे लागला. हेन्रीला फ्रान्सचा मुकुट हवा होता. शेवटी हाती उरलं एकटं बुलोन बंदर, तेही तो वारल्यावर तीन वर्षांत परत करावं लागलं. चार्ल्सला एकसंध ख्रिस्ती साम्राज्य हवं होतं; त्याच्या हयातीतच जर्मनीत कॅथलिक आणि लूथरपंथी अशा दोन पंथांना कायद्याने मान्यता मिळाली. सुलेमानला व्हिएन्ना हवं होतं. १५२९ च्या ऑक्टोबरात वेढा उठवून परतावं लागलं. पण एकमेकांना अडवण्यासाठी त्यांनी घाईगर्दीत ज्या खटपटी केल्या, त्यातून उभं राहिलेलं कितीतरी आज पाचशे वर्षांनीही उभं आहे. भावाभावांनी बांधावरून जन्मभर भांडावं आणि तेवढ्या काळात बांधावर कुणीच न लावलेलं झाड वाढून मोठं व्हावं, तसं हे झालं.

वैराची सुरुवात पैशापासून करू. १२ जानेवारी १५१९ ला सम्राट मॅक्सिमिलियन वारला. सम्राट निवडायचा हक्क जर्मनीतल्या सात जणांना होता, तीन आर्चबिशप आणि चार राजे-सरदार. चार्ल्स हा मॅक्सिमिलियनचा नातू, पण गादी वारसाने मिळणारी नव्हती. फ्रान्सिस उभा राहिला, हेन्रीनेही आपलं नाव पुढे करून पाहिलं. मतांचा लिलावच झाला म्हणा ना. चार्ल्सच्या बाजूने सुमारे साडेआठ लाख गिल्डर ओतले गेले, त्यातले ५ लाख ४३ हजार आउग्सबुर्गच्या याकोब फुगर या एका सावकाराचे. २८ जूनला फ्रांकफुर्टला चार्ल्स एकमताने निवडून आला. चार वर्षांनी याच फुगरने सम्राटाला पत्र लिहून थकबाकी मागितली आणि सरळ ऐकवलं की माझ्या मदतीशिवाय महाराजांना रोमन मुकुट मिळाला नसता, हे जगजाहीर आहे. सम्राटाला असं लिहायची छाती एका सावकाराला झाली, यातच त्या काळाचं सगळं आलं.

या निवडणुकीने फ्रान्स चहूबाजूंनी वेढला गेला. दक्षिणेला स्पेन, उत्तरेला नेदरलँड्स, पूर्वेला फ्रांश-कोंते आणि जर्मनी, खाली इटलीत नेपल्स. सगळीकडे तोच एक माणूस. पुढचं सगळं या कोंडीतून आलं.

२४ फेब्रुवारी १५२५. इटलीत पाविया शहराबाहेर भिंतीने वेढलेल्या शिकारीच्या रानात पहाटे लढाई झाली. स्पॅनिश बंदुकधाऱ्यांनी फ्रेंच घोडदळ कापून काढलं आणि खुद्द फ्रान्सिस घोडा मारला जाऊन पकडला गेला. त्या दिवशी चार्ल्सचा पंचविसावा वाढदिवस होता. फ्रान्सिसने आईला लिहिलं, की माझ्याकडे आता अब्रू आणि वाचलेला जीव एवढंच उरलं आहे.

त्याची आई, सव्हॉयची लुईझ, ही बाई रडत बसली नाही. तिने मदतीसाठी थेट सुलेमानकडे माणूस धाडला. पहिला दूत बोस्नियात मारला गेला. दुसरा, फ्रांजिपानी, जोड्याच्या तळव्यात पत्रं लपवून इस्तंबूलला पोचला. सुलेमानचं उत्तर आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवलेलं आहे. त्याची सुरुवात वाचण्यासारखी आहे. आधी सुलेमान स्वतःच्या मुलखांची नावं सांगत जातो : भूमध्य समुद्र, काळा समुद्र, रुमेलिया, अनातोलिया, दमास्कस, हलब, कैरो, मक्का, मदिना, जेरुसलेम, येमेन, ओळीमागून ओळी. आणि मग समोरच्याला म्हणतो, तू जो फ्रान्सिस, फ्रान्स देशाचा राजा. बस्स, एवढंच. पुढे धीर देतो : बादशहांचा पराभव होणं, त्यांनी कैदेत पडणं यात नवल नाही, खचू नकोस, आमचा घोडा रात्रंदिवस खोगीर घालून तयार असतो आणि तलवार कमरेला असते.

पुढच्या वर्षी, २९ ऑगस्ट १५२६ ला, मोहाचच्या मैदानात सुलेमानने हंगेरीचं सैन्य बुडवलं. वीस वर्षांचा राजा लायोश पळताना ओढ्यात बुडून मेला. त्याला मूलबाळ नव्हतं. त्याची बहीण चार्ल्सच्या धाकट्या भावाला, फर्डिनांडला दिलेली होती. त्या नात्यावर फर्डिनांडने बोहेमिया आणि हंगेरी दोन्ही मुकुटांवर हक्क सांगितला, आणि मध्य युरोपातलं हॅब्सबर्ग राज्य तिथून उभं राहिलं. ते मोडलं १९१८ मध्ये. चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया, आजचा हंगेरी हे सगळे त्याच राज्याच्या मोडतोडीतून निघालेले देश.

आता हेन्री. त्याची राणी कॅथरिन ही चार्ल्सची सख्खी मावशी. हेन्रीला ते लग्न रद्द करून हवं होतं आणि ते फक्त पोपच करू शकत होता. पण १५२७ च्या मे महिन्यात चार्ल्सच्या पगार थकलेल्या सैनिकांनी रोम लुटलं. पोप सातवा क्लेमेंट कसाबसा सांत अँजेलो किल्ल्यात पळाला. त्याला वाट मिळावी म्हणून १४७ स्विस शिपाई कापले गेले. पोपच्या स्विस रक्षकांच्या शपथविधीसाठी ६ मे हा दिवस आजही पाळतात तो त्यामुळेच. अशा पोपने सम्राटाच्या मावशीविरुद्ध निकाल द्यायचा तरी कसा? हेन्रीने वाट पाहिली आणि शेवटी १५३३ मध्ये रोमकडे अपील करण्यावरच बंदी घातली. त्या कायद्याची प्रस्तावना सांगते, इंग्लंडचं हे राज्य एक साम्राज्य आहे, म्हणजे त्याच्यावर बाहेरचं कुणीही नाही. पुढच्या वर्षी हेन्री स्वतःच चर्चचा प्रमुख झाला.

आणि फ्रान्सिस रोमपासून का तुटला नाही? कारण त्याला गरजच नव्हती. १५१६ च्या करारानेच पोपने त्याला आपल्या देशातले बिशप नेमायचा हक्क देऊन टाकला होता. हेन्रीला जे मिळवायला सगळं उलथंपालथं करावं लागलं, त्यातलं बरंचसं फ्रान्सिसच्या खिशात आधीच होतं. फ्रान्स कॅथलिक राहिला त्यामागे भक्तीइतकाच हा हिशोब आहे, असं माझं मत.

तुम्हाला काय वाटतं? विरोधी मतं जरूर मांडा, त्यासाठीच हा धागा आहे.

सोनचाफा
वाचनखूण साठवली. रात्री निवांत लिहिते.

अश्वत्थपार | छापखाना कुठे गेला?

लेख आवडला, पण मूळ म्हणणं पटलं नाही. राजांना फार श्रेय दिलंत. जर्मन धर्मसुधारक लूथरने १५१७ मध्ये आपली मतं मांडली ती छापखान्यामुळे काही आठवड्यांत जर्मनीभर गेली, त्यात हेन्री-फ्रान्सिसचा काय संबंध? १५४५ मध्ये दक्षिण अमेरिकेत पोटोसीची चांदीची खाण सापडली आणि युरोपातल्या भावांपासून व्यापारापर्यंत सगळं हललं, तेही कुणाच्या भांडणामुळे नव्हे. मोहाचचंही तेच. सुलेमानने बेलग्रेड १५२१ मध्येच घेतलं होतं. हंगेरीचं दार तेव्हाच फुटलं. लुईझने पत्र पाठवलं नसतं तरी तो आलाच असता.

दिवेलागण

अश्वत्थपार, तुमचा पोटोसीचा मुद्दा मोठाच आहे. मोहाचबद्दलही तुम्ही म्हणता ते खरं, सुलेमान येणारच होता. पण आल्यावर हंगेरीच्या मदतीला कोण गेलं, हा प्रश्न विचारून पाहा. त्या उन्हाळ्यात फ्रान्सिस, पोप आणि व्हेनिस यांनी चार्ल्सविरुद्ध युती केली होती आणि चार्ल्स इटलीत गुंतला होता. लायोश हा त्याच्या बहिणीचा नवरा, तरी तो मदत पाठवू शकला नाही.

लूथरचं बोलायचं तर छापखान्याने विचार पसरला हे मान्य. पण विचार पसरणं वेगळं आणि जिवंत राहणं वेगळं. १५२१ मध्ये वर्म्सच्या सभेनंतर चार्ल्सने लूथरला बहिष्कृत ठरवलं. मग त्याची अंमलबजावणी करायला पंचवीस वर्षं का लागली? कारण कधी फ्रान्सिसशी लढाई, कधी सुलेमान व्हिएन्नाच्या दारात. १५३२ मध्ये सुलेमान पुन्हा येतोय म्हटल्यावर चार्ल्सला न्यूरेंबर्गला लूथरपंथी राजांशी जुळवून घ्यावं लागलं, कारण त्यांचे शिपाई आणि पैसा हवा होता. शेवटी १५४४ मध्ये फ्रान्सशी तह झाला, सुलेमानशीही बोलणी लागली, तेव्हा कुठे त्याला मोकळीक मिळाली आणि एप्रिल १५४७ मध्ये म्यूलबर्गला त्याने त्या राजांना हरवलं. तोवर लूथर वारला होता आणि एक अख्खी पिढी नव्या पंथात वाढली होती.

त्यापुढचं तर फारच बोलकं आहे. लूथरपंथी राजांनी १५५२ मध्ये फ्रान्सिसच्या मुलाशी, दुसऱ्या हेन्रीशी करार केला. त्याने पैसा द्यायचा आणि बदल्यात मेट्झ, तूल आणि व्हर्दां ही शहरं घ्यायची. कट्टर कॅथलिक फ्रेंच राजाने जर्मनीतला लूथरपंथ वाचवला, तो फक्त चार्ल्सला शह द्यायला. १९१६ मध्ये ज्या व्हर्दांसाठी लाखो माणसं मेली ते फ्रान्सच्या हाती आलं ते असं.

ताळेबंद | युद्धाचा पैसा

मी बँकेतला माणूस, त्यामुळे मला यात सगळ्यात जास्त रस पैशाचा. फुगरचं तुम्ही लिहिलंतच. त्याच याकोब फुगरने आउग्सबुर्गमध्ये गरीब कामकऱ्यांसाठी बांधलेली वसाहत आजही चालू आहे आणि वर्षाचं भाडं एक राईन गिल्डर, म्हणजे ०.८८ युरो, इतकंच ठेवलेलं आहे.

पण माझ्या मते खरी महत्त्वाची गोष्ट १५२२ ची आहे. चार्ल्सशी लढायला फ्रान्सिसकडे पैसा नव्हता. राजाला कर्ज द्यायला लोक कचरतात, कारण राजा बुडवला तर दाद कुणाकडे मागणार? म्हणून त्याने पॅरिसच्या नगरपालिकेला मध्ये घातलं. शहराच्या ठरावीक करांचं उत्पन्न तारण ठेवून दोन लाख लिव्हर (तेव्हाचं फ्रेंच चलन) उभे केले, व्याज साधारण सव्वाआठ टक्के. लोकांचा राजावर नव्हता तेवढा विश्वास शहरावर होता. फ्रान्सच्या सरकारी कर्जाची सुरुवात इथून धरतात.

तेवढ्याने भागेना म्हणून सरकारी पदं विकायला काढली. न्यायाधीशाची जागासुद्धा विकत. आधी हे लपूनछपून चाले, फ्रान्सिसने त्यासाठी वेगळं खातंच उघडलं. ज्याने पद विकत घेतलं तो ते मुलाला देणार, मग त्याला राजा काढू शकत नाही. दोन-अडीचशे वर्षांत अशा लोकांचा एक वर्गच तयार झाला. ही पदविक्री अखेर ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री, राज्यक्रांतीतच मोडली.

चार्ल्सची कथा याहून वाईट. अमेरिकेची चांदी जहाजातून उतरायच्या आधीच सावकारांच्या नावे लागलेली असायची. मुलगा फिलिप गादीवर आला आणि १५५७ मध्ये त्याने देणी थांबवली. बापाने केलेलं कर्ज, दुसरं काय.

सोनचाफा | हेन्रीची नाणी, हेन्रीचे किल्ले

आता लिहिते. मी पोर्ट्समथजवळ राहते, त्यामुळे हेन्री इथे पावलोपावली भेटतो.

आधी नाणं. इथल्या कुठल्याही नाण्यावर राजाच्या नावापुढे एफ आणि डी ही दोन अक्षरं असतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ धर्मरक्षक. ही पदवी हेन्रीला १५२१ मध्ये पोप दहाव्या लिओने दिली होती, आणि कशासाठी, तर लूथरच्या विरोधात पुस्तक लिहिलं म्हणून! पोपशी फाटल्यावरही हेन्रीने पदवी सोडली नाही, पार्लमेंटकडून आपल्या नावावर पक्की करून घेतली. आजचा राजा तिसरा चार्ल्सही ती लावतो, आणि तो इंग्लंडच्या चर्चचा प्रमुखही आहे. वरिष्ठ सभागृहात २६ बिशप अजून बसतात.

दुसरं म्हणजे किनारा. १५३८ मध्ये चार्ल्स आणि फ्रान्सिस यांनी तह केला आणि हेन्रीची झोप उडाली, कारण आता दोघं मिळून त्याच्यावर येतील अशी धास्ती. त्याने दक्षिण किनाऱ्यावर किल्ल्यांची रांगच उभी केली. डील, वॉल्मर, हर्स्ट, कॅलशॉट. हे किल्ले बुटके आणि गोलाकार आहेत, भिंती जाड, कारण समोर तोफा असणार हे गृहीत धरून बांधले. पैसा आला मठ मोडून. कॅलशॉटसाठी तर दगड आणि शिसंही ब्यूलीच्या मोडलेल्या मठातून आणलं. कॅलशॉटला गेलात तर खाडीच्या तोंडाशी तो अजून उभा आहे.

आणि मेरी रोझ, हेन्रीचं लढाऊ गलबत. जुलै १५४५ मध्ये फ्रान्सिसचं आरमार इथल्या खाडीत घुसलं, दोनशेहून जास्त गलबतं. स्पॅनिश आरमाराचं १५८८ चं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण हे त्याहून मोठं होतं. १९ जुलैला हेन्री साउथसी किल्ल्यावरून पाहत होता आणि त्याच्या डोळ्यांसमोर मेरी रोझ कलंडून बुडालं. सुमारे पाचशे माणसांतली जेमतेम तीसेक वाचली. १९८२ मध्ये ते वर काढलं. इथल्या संग्रहालयात त्याचा अर्धा सांगाडा आहे आणि समोर त्यातल्या वस्तू मांडल्या आहेत : शंभराहून जास्त लाकडी धनुष्यं, शल्यवैद्याची पेटी, खलाशांच्या लाकडी फण्या. त्या फण्यांच्या दातांत अडकलेल्या लिखा आजही तशाच आहेत. मला त्या फण्यांपुढून लवकर हलवत नाही. राजांच्या भांडणात कोण मरत होतं ते तिथे दिसतं.

त्या लढाईच्या पुढच्याच वर्षी, १५४६ मध्ये, आरमाराचा कारभार पाहायला कायमचं मंडळ नेमलं गेलं. तेही फ्रान्सच्या धाकाने. त्यामुळे दिवेलागण, मी तुमच्या बाजूने.

मधलीआळी | बायकांना विसरू नका

लुईझचं नाव आलं याचा आनंद झाला, पण तिला एका परिच्छेदात उरकू नका. १५२६ मध्ये फ्रान्सिस सुटला तो स्वतःची दोन मुलं ओलीस देऊन. फ्रान्स-स्पेन सरहद्दीवरच्या बिदासोआ नदीच्या मध्यात एक तराफा नांगरला होता. एका काठाने राजा आला, दुसऱ्या काठाने आठ आणि सहा वर्षांची मुलं आली, तराफ्यावर अदलाबदल झाली. पोरं चार वर्षं स्पेनमध्ये कैदेत राहिली. फ्रान्सिसने सुटल्याबरोबर, सुटकेसाठी कबूल केलेला माद्रिदचा तह झुगारला, पुन्हा युद्ध पेटलं, आणि दोन्ही राजांचा हट्ट असा की समोरासमोर बोलायला तयार नाहीत. १५२८ मध्ये तर एकमेकांना द्वंद्वयुद्धाचं आव्हान देऊन झालं.

मग १५२९ मध्ये कांब्रे गावात दोघी बसल्या. एक फ्रान्सिसची आई लुईझ. दुसरी चार्ल्सची आत्या, ऑस्ट्रियाची मार्गारेट, जिने त्याला लहानपणी वाढवलं आणि जी त्याच्या वतीने नेदरलँड्सचा कारभार पाहत होती. मार्गारेट ही लुईझच्या भावाची विधवा. म्हणजे नणंद-भावजय! शेजारशेजारच्या घरांत उतरल्या, मधून ये-जा करायला वाट करून घेतली आणि तह घडवून आणला. फ्रान्सिसने इटलीवरचा हक्क सोडायचा, चार्ल्सने फ्रान्सकडच्या बर्गंडी प्रांताचा आग्रह सोडायचा, मुलांच्या बदल्यात वीस लाख सोन्याचे एक्यू द्यायचे. पहिला १२ लाखांचा हप्ता नाणं नाणं पारखून मोजायलाच काही महिने गेले. १५३० मध्ये मुलं परत आली आणि सोबत चार्ल्सची बहीण एलेनोर फ्रान्सिसची राणी म्हणून आली. मेहुणे झाले, पण भांडायचे थांबले नाहीत.

आणि मोहाचला मेलेल्या लायोशची विधवा मेरी, चार्ल्सची धाकटी बहीण. विसाव्या वर्षी विधवा झाली, पुन्हा लग्न केलं नाही, आणि १५३१ पासून १५५५ पर्यंत चोवीस वर्षं तिने नेदरलँड्स सांभाळलं. चार्ल्स जगभर फिरत होता तेव्हा घर या बाया चालवत होत्या.

वकीलवाडा

मी फ्रेंच कायदा थोडाफार वाचला आहे म्हणून एक भर. १५३९ मध्ये फ्रान्सिसने व्हिलेर-कोत्रे इथे एक फर्मान काढलं, १९२ कलमांचं. त्यातली ११० आणि १११ ही दोन कलमं सांगतात की कोर्टाचे निवाडे आणि दस्त स्पष्ट असावेत, त्यात संदिग्धता नको, आणि ते फ्रेंच मातृभाषेत असावेत. ही दोन कलमं आजही लागू आहेत. फ्रान्सची न्यायालयं त्यांचा आधार घेतात. त्याच फर्मानाने पाद्र्यांना बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवायला लावल्या. त्या राजवाड्यात २०२३ मध्ये फ्रेंच भाषेचं मोठं केंद्र सुरू झालं. फर्मानाच्या आधी दोन वर्षं, म्हणजे १५३७ मध्ये, छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत राजाच्या ग्रंथालयात द्यायचा नियमही त्याचाच.

पण हे कुणाला अडवायला केलेलं नाही. हे घरातलं काम आहे, आणि तेच सगळ्यात जास्त टिकलं. मग तुमच्या सिद्धांताचं काय?

दिवेलागण

वकीलवाडा, नेमकं बोट ठेवलंत. हे अडवाअडवीतून आलेलं नाही, उसंतीतून आलेलं आहे. १५३८ च्या तहापासून १५४२ पर्यंत फ्रान्सिस लढत नव्हता, त्या चार वर्षांत त्याने घराकडे लक्ष दिलं. लढाया नसत्या तर त्याने अशी आणखी किती कामं केली असती, हा विचार मला चैन पडू देत नाही. ल हाव्र बंदर, पुढे कॉलेज द फ्रान्स झालेली राजाध्यापकांची नेमणूक, लिओनार्दोला आम्बुआजला आणून सन्मानाने ठेवणं, ही सगळी त्याच माणसाची कामं. मोना लिसा पॅरिसला आहे ती त्याच्यामुळे.

रेवदंडा | आपल्या किनाऱ्यापर्यंत

या भांडणाची झळ आपल्याकडे लागली ती पोर्तुगिजांच्या वाटेने. पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन हा चार्ल्सचा दुहेरी मेहुणा : चार्ल्सची बहीण त्याला दिलेली, त्याची बहीण इसाबेल चार्ल्सला. त्याच जॉनच्या अमदानीत, डिसेंबर १५३४ मध्ये, गुजरातच्या बहादुरशहाने हुमायूनच्या भीतीने वसई पोर्तुगिजांना दिली, सोबत मुंबईची बेटंही. १५३७ मध्ये दीवला बहादुरशहा मारला गेला आणि १५३८ मध्ये सुलेमानचं आरमार सुएझहून निघून दीवला धडकलं, सत्तरएक गलबतं. वेढा यशस्वी झाला नाही. झाला असता तर वसईचा आणि मुंबईचा इतिहास वेगळा असता.

तुर्की तोफांचं कसबही त्याच काळात दख्खनेत मुरलं. आपली मुलुखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, ती ओतणारा मुहम्मद रूमी, तुर्की मुलखातून आलेला.

आणि चार्ल्स-इसाबेलचा मुलगा दुसरा फिलिप. १५८० मध्ये पोर्तुगालची गादी रिकामी पडली तेव्हा आईकडच्या नात्यावर त्याने ती घेतली. म्हणजे १६४० पर्यंत गोवा, वसई, चौल यांचा धनी हा चार्ल्सचा वंशज होता. मागाहून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती अर्थात पुन्हा स्वतंत्र झालेल्या पोर्तुगालकडून.

खिडकीपाशी

एक शंका. सुलेमानला रेनेसाँसच्या (युरोपातल्या प्रबोधनकाळाच्या) राजांत का धरायचं? तो तर युरोपाचा शत्रू समजला जायचा ना?

मधलीआळी

खिडकीपाशी, शत्रू होता आणि दोस्तही होता. १५४३ च्या हिवाळ्यात फ्रान्सिसने तूलों शहर रिकामं करवून घेऊन सुलेमानच्या आरमाराला आणि त्याचा सेनापती बार्बारोसा याला राहायला दिलं. तिथल्या कॅथेड्रलची तेवढ्यापुरती मशीद झाली. बुडापेस्टमध्ये तुर्कांच्या काळातल्या हमामांत लोक आजही आंघोळीला जातात. आणि ट्रान्सिल्व्हेनिया, जे सुलेमानच्या काळापासून तुर्कांचं मांडलिक होतं, तिथे १५६८ मध्ये तोर्दाच्या सभेने पाद्र्यांना आपापल्या समजुतीप्रमाणे उपदेश करायची मोकळीक दिली. त्या वर्षी युरोपात इतरत्र माणसं धर्मापायी जाळली जात होती. सुलेमानशिवाय युरोपाचा नकाशा काढताच येत नाही.

अश्वत्थपार | नेदरलँड्स

बऱ्याच गोष्टी पटल्या, व्हर्दांची तर फारच. पण नेदरलँड्सचं काय? तो देश व्यापाऱ्यांनी आणि शहरांनी घडवला. हेरिंग मासा, अँटवर्प, ॲमस्टरडॅम. उलट चार्ल्सने त्यांना कराने पिळलं. १५५५ मध्ये ब्रुसेल्सला तो गादी सोडताना ज्या तरुणाच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता, त्याच ऑरेंजच्या विल्यमने पुढे त्याच्या मुलाविरुद्ध बंड केलं. इथे मला कुठेच तुमची अडवाअडवी दिसत नाही.

दिवेलागण

अश्वत्थपार, मला दिसते, आणि तिचं नाव गेल्डर. पैसा शहरांचा, बंड शहरांचं, हे शंभर टक्के मान्य. पण जे सतरा प्रांत एकत्र आले त्यांची मोट चार्ल्सने बांधली आणि त्यातला शेवटचा तुकडा गेल्डरचा होता. तो क्लेव्ह्जचा ड्यूक विल्यम बळकावून बसला होता. हा विल्यम म्हणजे हेन्रीच्या चौथ्या राणीचा, ॲनचा भाऊ. १५४० मध्ये हेन्रीने ते लग्न केलं तेच चार्ल्स आणि फ्रान्सिस एक झाल्याच्या भीतीने, जर्मनीत कुणीतरी आपलं असावं म्हणून. सहा महिन्यांत ते मोडलं.

मग फ्रान्सिसने त्या विल्यमला हाताशी धरलं. आपली भाची झान दाल्ब्रे त्याला दिली. १५४१ मध्ये ती बारा वर्षांची होती आणि या लग्नाला तिचा साफ नकार होता. ती पाऊल उचलेना, तेव्हा राजाच्या हुकमावरून सेनापती माँमोरांसीने तिला उचलून वेदीपाशी नेलं. १५४३ मध्ये चार्ल्स सैन्य घेऊन विल्यमवर गेला. फ्रान्सिसची मदत आली नाही. विल्यमने व्हेनलोला शरणागती पत्करून गेल्डर सोडलं, आणि सतरा प्रांत पुरे झाले. १५४९ मध्ये चार्ल्सने कायदाच केला की हे प्रांत यापुढे वारसात तुटणार नाहीत.

झानचं लग्न १५४५ मध्ये रद्द झालं. पुढे तिने आंत्वान द बूर्बाँशी लग्न केलं, स्वतः प्रोटेस्टंट झाली, आणि तिचा मुलगा चौथा हेन्री म्हणून फ्रान्सच्या गादीवर बसला. १५९८ मध्ये नांतचं फर्मान काढून प्रोटेस्टंटांना संरक्षण देणारा तोच. चार्ल्सचा स्पेनमधला वंश १७०० मध्ये संपला तेव्हा ती गादीही चौथ्या हेन्रीच्या वंशजांकडे गेली. स्पेनचा आजचा राजा सहावा फेलिपे झान दाल्ब्रेचा वंशज आहे.